निकेलचा हिशोब: खरेदी करताना आणि ताट वाढताना

कानातल्यामुळे चिघळलेली पाळी, घड्याळाच्या पट्ट्याखालची खाज, जीन्सच्या बटणामुळे बेंबीखाली उठलेला लालसर चट्टा. निकेलची ॲलर्जी बहुतेकांना अशीच कळते. तो दागिना, तो पट्टा बाजूला केला की काही दिवसांत कातडी शांत होते आणि विषय संपतो. काहींचा मात्र संपत नाही. नकली दागिने टाकून दिले, पट्टा बदलला, बटणाला आतून कापड लावलं, तरी तळहातांवर आणि बोटांच्या कडांना पाण्याने भरलेले बारीक फोड येतच राहतात. खाज सुटते, कातडी सोलवटते, बरं वाटतंय म्हणेपर्यंत पुन्हा तेच. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ विचारतात, रोज खाता काय? कारण निकेल अन्नातही असतं.

ते कोणी भेसळ म्हणून घातलेलं नसतं. झाडं ते मातीतून घेतात, आणि त्यांना ते हवंही असतं. युरिएज नावाचं एक एन्झाइम झाडाच्या पेशींत युरियाचं विघटन करतं आणि त्याच्या गाभ्यात निकेल असतं. रोप बीजात जी शिदोरी बांधून ठेवतं, तिच्यात निकेलही येतं. म्हणून बी, दाणा, डाळ, कोंडा यांत ते भरपूर, आणि दूध, अंडी, मांस यांत अगदी नगण्य. माणसाच्या शरीराला निकेलची गरज असल्याचं मात्र सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे ते कमी खाल्ल्याने निकेलची कमतरता वगैरे काही होत नाही. त्याच्याबरोबर ताटातून जे इतर निघून जातं, त्याची काळजी करायची. त्याकडे पुढे येऊ.

कमी निकेलचा आहार कोणासाठी?

निकेलची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना आहार बदलण्याची अजिबात गरज नसते. हे आधी सांगायला हवं, कारण उत्साहाने निम्मं स्वयंपाकघर रिकामं करणारे लोक कमी नाहीत. सर्वसाधारण आहारातून दिवसाला साधारण १०० ते ३०० मायक्रोग्रॅम निकेल पोटात जातं आणि त्यातलं बहुतांश न शोषताच बाहेर पडतं. २००६ साली डॅनिश संशोधकांनी जुन्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून हिशोब मांडला. निकेलची ॲलर्जी असलेल्या शंभरातल्या साधारण एकाला २२० ते ३५० मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे रोजच्या जेवणाइतक्याच निकेलने, त्वचेचा त्रास उफाळू शकतो. ५५० ते ८९० मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं तर शंभरातल्या दहांना. एवढं निकेल रोज कोणी खात नाही, पण ओट्स, काजू, डार्क चॉकलेट आणि सोया एकाच दिवशी जमून आले तर तिकडे वाटचाल सुरू होते.

म्हणजे आधी निदान, मग आहार. निदानासाठी पॅच टेस्ट असते. निकेल सल्फेट मिसळलेलं मलम पाठीवर छोट्या पट्टीखाली ४८ तास ठेवतात आणि पट्टी काढल्यावर, मग पुन्हा एक-दोन दिवसांनी, ती जागा तपासतात. शेंगदाणे खाऊन ओठ सुजणं आणि हे दुखणं यांची जात वेगळी आहे. इथे प्रतिक्रिया रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या टी पेशींची, सावकाश येणारी. त्यामुळे अन्नाच्या ॲलर्जीसाठी केल्या जाणाऱ्या नेहमीच्या रक्ततपासण्या या बाबतीत काही सांगत नाहीत. त्यांच्या लांबलचक अहवालावर पैसे घालवण्याआधी हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.

जेवणातल्या निकेलवर संशय घ्यावा अशा काही खुणा आहेत. हाताच्या फोडांचा इसब वारंवार उफाळणं, धातूचा संपर्क नसताना कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खोबणीत चट्टे उठणं, आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे जिथे पूर्वी कानातलं चिघळलं होतं किंवा पॅच टेस्ट झाली होती, नेमकी तीच जागा काही न लावता पुन्हा लाल होणं. काहींना पोट फुगणं, मुरडा, जुलाब असाही त्रास होतो. इटलीतल्या डॉक्टरांनी या पोटाच्या बाजूवर बरंच काम केलं आहे. इथे एक फसगत होते. अख्ख्या गव्हाचा ब्रेड सोडून बरं वाटलं की माणूस गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनावर ठपका ठेवतो. कोंड्यातलं निकेल कमी झाल्यानेही तसं होऊ शकतं.

बंदी नाही, मोजदाद

या आहाराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही: इथे अमुक चालतं आणि तमुक चालत नाही असं फारसं नसतं, दिवसभराची बेरीज चालते किंवा चालत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला एक दाणाही धोक्याचा. निकेलचं तसं नाही. दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅमच्या आत राहायचं असा बेत बहुधा आखतात, आणि तो महिन्याच्या खर्चासारखा चालवायचा असतो. एका मोठ्या खरेदीने सगळं संपतं, बारीकसारीक खर्च मात्र निभावून जातात.

आकडे पाहिले की हे लगेच पटतं. कोकोच्या पावडरीत ग्रॅममागे जवळजवळ १० मायक्रोग्रॅम निकेल, सोयाबीन आणि काजूत ५ च्या आसपास, डार्क चॉकलेटमध्ये अडीच, ओट्समध्ये सव्वा, बदामात साधारण तेवढंच. कडधान्यं आणि डाळी कोरड्या वजनाच्या ग्रॅममागे एखाद-दोन मायक्रोग्रॅम. उलट टोकाला बटाटा ०.१४, अंडं ०.०३, दूध ०.०२, सफरचंद ०.०१. आता ५० ग्रॅम ओट्सची लापशी, वर २० ग्रॅम काजू आणि दुपारी २५ ग्रॅम डार्क चॉकलेट घ्या. ढोबळमानाने ६०, १०० आणि ६५, म्हणजे २२५ मायक्रोग्रॅम, आणि जेवण अजून व्हायचंच आहे. त्याच दिवशी दोन अंडी, २०० ग्रॅम बटाटे, पेलाभर दूध आणि एक सफरचंद खाल्लं असतं तर सगळी बेरीज ४० च्या आतबाहेर राहिली असती. लापशी वाईट आणि बटाटा चांगला असं यातून काढू नये. एवढंच, की आरोग्यासाठी उत्तम म्हणून जे सांगितलं जातं ते बरंचसं इथे वरच्या रांगेत बसतं, आणि हे पचवायला वेळ लागतो. फडताळातले ओट्स, जवस आणि मिश्र बियांची बरणी मागे सारताना आपण काहीतरी चुकीचं करतोय असं वाटत राहतं.

हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. मातीत निकेल किती, माती आम्ल किती, वाण कोणतं, यावर एकाच पदार्थातलं प्रमाण कित्येक पटींनी बदलतं. त्यामुळेच इंटरनेटवरच्या याद्या एकमेकींशी भांडत असतात. एकीत टोमॅटो बंद, दुसरीत चालू. एकीत गाजर हिरव्या रकान्यात, दुसरीत पिवळ्या. अशा वादात डोकं घालू नये. जिथे सगळ्या याद्यांचं एकमत आहे, म्हणजे कोको, सोया, सुकामेवा, बिया, ओट्स, कोंडा, कडधान्यं आणि शिंपले, तिथे लक्ष दिलं की बेरजेचा मोठा भाग हातात येतो. उरलेल्या मधल्या पदार्थांवर जीव आटवण्यात अर्थ नाही.

दुकानात

निकेलची नोंद पाकिटावर कुठेच नसते. ॲलर्जी करणाऱ्या पदार्थांची जी सक्तीची यादी युरोपात छापतात, तिच्या चौदा नावांत निकेल नाही. त्यामुळे घटकांची यादी वाचून आपणच अंदाज बांधायचा. एखादा एनर्जी बार हातात घेऊन मागची बाजू पाहा: ओट्स, बदाम, सूर्यफुलाच्या बिया, सुके अंजीर, सोया प्रोटीन, कोको. वाचून संपेपर्यंत एकही घटक असा सापडत नाही की ज्यावर बोट ठेवून हा चालेल म्हणावं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, हे इथे उपयोगी पडतं. सोया लेसिथिन यादीच्या तळाशी असेल तर दुर्लक्ष करावं, सोयाचं पीठ दुसऱ्या क्रमांकावर असेल तर पाकीट परत ठेवावं.

ग्लूटेन-फ्री असं लिहिलेल्या मालापासून जरा सावध. गव्हाच्या जागी त्यात बरेचदा कुट्टू, मिलेट, सोया किंवा बदामाचं पीठ असतं, आणि निकेलच्या दृष्टीने तो आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार. तांदळाच्या पिठाचे असतील तर ठीक. वनस्पतीजन्य दुधांचंही तेच: ओट, बदाम, सोया ही तिन्ही नावं वर येऊन गेली आहेत. साधं दूध पचत असेल तर ते सर्वांत सोपं, नसेल तर लॅक्टोज काढलेलं दूध किंवा तांदळाचं पेय बघावं. प्रोटीन पावडर घेत असाल तर सोया किंवा वाटाण्याच्या ऐवजी दुधापासून काढलेली व्हे घ्यावी, आणि तीही चॉकलेटच्या स्वादाची नको. मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवरची खनिजांची यादी एकदा जरूर वाचा. काही गोळ्यांत निकेल चक्क घटक म्हणून घातलेलं असतं.

टोपलीत काय भरावं? पांढरा तांदूळ, मैद्याचे किंवा चाळलेल्या पिठाचे प्रकार, कॉर्नफ्लेक्स. अंडी, दूध, दही, चीज, लोणी. चिकन, मांस, बहुतेक मासे चालतात; शिंपले, कालवं नकोत. भाज्यांत बटाटा, कोबी, फुलकोबी, काकडी, वांगी, ढोबळी मिरची. पालकासारख्या पालेभाज्या मधल्या गटात मोडतात, थोड्या खायला हरकत नाही. फळांत सफरचंद, पेअर, केळं, द्राक्षं, कलिंगड, संत्र्या-मोसंबीची सगळी जात. अननस आणि रासबेरी यांना मात्र जरा लांब ठेवावं. डबाबंद भाज्या-फळांपेक्षा ताजी किंवा गोठवलेली बरी, कारण आंबट पदार्थ डब्याच्या धातूत महिनोन्महिने बसून राहतो.

गोड खाणाऱ्यांसाठी चॉकलेट हा नाजूक विषय. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचं फक्त लोणी असतं, घन भाग नसतो, त्यामुळे ते बरंच सुरक्षित. चॉकलेटवाल्यांना ते चॉकलेट वाटत नाही हे मान्य आहे. व्हॅनिला आइस्क्रीम, कस्टर्ड, फळं घातलेलं दही यांवर भागवता येतं.

भांडी आणि पाणी

सर्वसाधारण स्टेनलेस स्टीलमध्ये ८ टक्क्यांच्या आसपास निकेल असतं. १८/८ किंवा ३०४ असा शिक्का असतो तेच. दूध तापवणं, भाज्या उकडणं यात त्यातून फारसं काही सुटत नाही. प्रश्न येतो आंबट पदार्थ तासन्‌तास शिजवताना. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्टीलच्या भांड्यात टोमॅटोचा सॉस सहा तास शिजवला, तेव्हा त्यातलं निकेल २६ पटींपर्यंत वाढलं. नव्या भांड्यातून सर्वांत जास्त सुटलं आणि वापरागणिक कमी होत गेलं, तरी दहाव्या वेळीही १२६ ग्रॅम सॉसमध्ये सरासरी ८८ मायक्रोग्रॅम उतरलं होतं. दिवसाच्या बेतातला निम्म्याहून जास्त वाटा एका चटकदार सॉसमध्ये गेला. सहा तास सगळेच शिजवत नाहीत हे खरं, पण टोमॅटो, चिंच, लिंबू, व्हिनेगर घातलेलं काही मंद आचेवर ठेवायचं असेल तर काच, इनॅमल किंवा चिनी मातीचं भांडं घ्यावं. बिडाचं भांडंही निकेलच्या दृष्टीने निर्धोक. त्यातून थोडं लोह उतरतं, आणि तो इथे तोटा नव्हे.

निकेल नसलेलं स्टीलही मिळतं, ४३० किंवा १८/० नावाचं. ओळखायला चुंबक पुरतो: ४३० ला तो घट्ट चिकटतो, ३०४ ला जवळजवळ नाही. चाचणी भांड्याच्या आतल्या बाजूने करायची. इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांना बाहेरून चुंबकीय तळ जोडलेला असतो, त्यामुळे चुंबक खालून मस्त चिकटतो आणि अन्नाला लागणारा आतला थर मात्र ३०४ चाच असतो.

पाण्याचं म्हणाल तर रात्रभर नळात साचलेलं पाणी सकाळी आधी सोडून द्यावं. नळाच्या आतल्या मुलाम्यातून थोडं निकेल त्यात उतरतं. ज्या जुन्या इलेक्ट्रिक किटलीत तापणारं वेटोळं उघडं दिसतं आणि त्यावर निकेलचा मुलामा असतो, ती बदललेली बरी. क्षार काढण्यासाठी आम्ल घालून उकळल्यावर तर पहिली एक-दोन पाणी ओतूनच द्यावीत.

पोट रिकामं की भरलेलं

किती खाल्लं याइतकंच कशाबरोबर खाल्लं हेही मोजावं लागतं. १९८९ सालच्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना उपाशीपोटी पाण्यातून निकेल दिलं, तेव्हा त्यातलं सुमारे २७ टक्के शोषलं गेलं. तेच अन्नात मिसळून दिलं तर एक टक्काही नाही, ०.७ टक्के. तफावत जवळजवळ चाळीसपट. म्हणून निकेल असलेलं थोडं काही खायचंच असेल तर ते भरपेट जेवणाचा भाग म्हणून, सकाळी उठल्याबरोबर नव्हे.

१९८२ च्या आणखी एका प्रयोगात दूध, चहा, कॉफी, संत्र्याचा रस आणि क जीवनसत्त्व यांच्याबरोबर घेतलेल्या निकेलचं शोषण कमी झालेलं दिसलं. यातलं संत्रं घ्या, क जीवनसत्त्व घ्या, चहा मात्र औषध समजून पिऊ नका. चहाच्या कोरड्या पत्तीत निकेल चांगलंच असतं आणि त्यातलं बरंच पाण्यात उतरतं. दिवसाला एक-दोन कप, तेही हलके, एवढं पुरे.

लोहाचा मुद्दा मात्र ठळक करून सांगण्यासारखा आहे. आतड्यातून लोह ज्या वाटेने आत येतं त्याच वाटेने निकेलही येतं. शरीरात लोह कमी असलं की ही वाट रुंदावते आणि निकेलही जास्त शिरतं. म्हणून आहाराला सुरुवात करताना हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्यावं. फेरिटिन तळाला गेलं असेल तर ते भरून काढणं हा निम्मा उपाय ठरू शकतो. जेवणावर चहा-कॉफी घेण्याची सवय लोह अडवते, ती याच कारणाने मोडावी.

नीट खाणं म्हणजे काय

कमी निकेलच्या नावाखाली भात, बटाटा, मैदा आणि लोणी एवढ्यावर महिने काढणारा माणूस खाज घालवून बद्धकोष्ठ घरात आणतो. कोंडा, डाळी, सुकामेवा, बिया यांच्याबरोबर तंतू, मॅग्नेशियम, फोलेट आणि वनस्पतीजन्य प्रथिनं निघून जातात, आणि त्यांची जागा ठरवून भरावी लागते. तंतूंसाठी दोन्ही जेवणांत चालणाऱ्या भाज्यांचा मोठा वाटा आणि दिवसातून दोन-तीन फळं, सफरचंद आणि पेअर सालीसकट. प्रथिनांसाठी अंडी, दूध-दही, चीज, मासे, चिकन.

शाकाहारींना हे जड जातं, यात शंका नाही. दूध, दही, चीज आणि चालत असतील तर अंडी यांवर प्रथिनांचा बहुतेक भार टाकावा लागतो. दूधही न घेणाऱ्यांनी तर हा आहार आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यांच्या प्रथिनांचे जवळजवळ सगळे स्रोत वरच्या रांगेतले. अशा वेळी डाळ पूर्ण तोडण्यापेक्षा बेतात बसवावी: कोरडी ३० ग्रॅम डाळ म्हणजे ढोबळमानाने ३० ते ६० मायक्रोग्रॅम. त्या दिवशी दुसरं काही जड नको. भिजवून आणि पाणी ओतून थोडं निकेल कमी होतं, पण डाळ त्यामुळे कमी निकेलच्या गटात येत नाही. गरोदरपणात, लहान मुलांत आणि आधीच वजन कमी असलेल्यांतही हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.

हा आहार जन्मभराचा नसतो. साधारण सहा ते आठ आठवडे नेटाने पाळून पाहायचा. पहिल्या आठवड्यात काही दिसलं नाही म्हणून सोडू नये, कारण इसब शांत व्हायला वेळ घेतो. सोबत वही ठेवावी: काय खाल्लं आणि त्वचा, पोट कसं आहे. मात्र चट्टा आज उठला म्हणून आजच्या जेवणाला दोष देऊ नये. प्रतिक्रिया काही तासांत येते तशी दोन-तीन दिवसांनीही येते, म्हणून वहीची मागची पानं उलटावी लागतात. शोषलेलं निकेल लघवीवाटे बाहेर पडत राहतं, वर्षानुवर्षं साचून बसत नाही, त्यामुळे एखाद्या समारंभात ताबा सुटला तर पुढचे दोन दिवस हात आखडता घ्यावा आणि पुढे चालू लागावं. पुढचा आठवडा उपाशी काढण्याचं कारण नाही.

दोन महिन्यांत काहीच फरक पडला नाही तर आहार सोडून द्यावा आणि डॉक्टरांबरोबर दुसरं कारण शोधावं: साबण, रबराचे हातमोजे, सुगंधी द्रव्यं, किंवा कामाच्या जागी हाताला लागणारं काहीतरी. फरक पडला तर एकेक पदार्थ परत आणायचा. सर्वांत जास्त आठवण येणाऱ्यापासून सुरुवात करा. छोटा वाटा, भरल्या पोटी, आणि पुढचे तीन दिवस नवीन काही नाही. बहुतेकांना असं आढळतं की दोन-तीन पदार्थच खरे त्रासदायक होते आणि बाकीचे थोड्या मापाने चालतात. काहींच्या ताटात डाळ परत येते पण ओट्स येत नाहीत, काहींचं नेमकं उलट.